कुरवंडे घाटाने उंबरखिंड: आराखड्यावर विसंबू नका

लघुप्रतिमांच्या युद्धखेळासाठी (पटावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या लढाईसाठी) २ फेब्रुवारी १६६१ ची, शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाला कोंडलेली उंबरखिंडीची लढाई मांडायचे आम्ही दोघांनी ठरवले, तेव्हा हाती आलेल्या आराखड्यात दोन ताशीव कड्यांमधली घळ दाखवलेली होती आणि त्या भरवशावर मी थर्माकोलचे कडे कापूनही ठेवले होते. प्रत्यक्ष जागा पाहून आल्यावर ते माळ्यावर टाकले, कारण तिथे कडे नव्हेत, दाट झाडीचे उतार आहेत.

लोणावळ्याहून कुरवंड्यापर्यंतच्या चालीत सांगण्यासारखे काही नाही. नागफणीच्या सुळक्याला बगल देऊन घाट उतरू लागलो, की वाळलेल्या पानांखाली दडलेला बारीक मुरूम पायाखालून सरकतो आणि पुढचा पाऊण तास माणूस फक्त स्वतःच्या टाचा सांभाळतो. मी दोनदा बसलो, त्यातला एक मुका मार अजून दुखतो आहे. सोबती वीस पावलांवर असूनही दिसत नव्हता, नुसती पाने चुरडल्याचा आवाज येत होता. खेळाचा सर्वांत महत्त्वाचा नियम मला तिथेच सापडला: मुघल रांगेतल्या तुकडीला फक्त तिच्या लगेच पुढची आणि लगेच मागची तुकडी दिसावी, आणि खानाचा हुकूम त्यापलीकडे एका चालीत पोचू नये.

शाइस्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान बोरघाट सोडून याच वाटेने उतरला. रानात शिरण्यातला वेडेपणा त्याच्या सोबतच्या रायबागन या सरदारीणीने त्याला सुनावल्याचे ‘शिवभारत’ या शिवाजी महाराजांवरच्या संस्कृत काव्यात येते, आणि शेवटी खंडणी देऊन त्याने सुटका करून घेतली. त्यामुळे मारलेल्या प्रतिमा मोजून जय ठरवणे चूक आहे; खान किती चालींत शरण येतो, तेच मोजावे. वारा नसलेल्या त्या झाडीत आम्ही दोघांनी मिळून पाच लिटर पाणी संपवले, म्हणून तहानेसाठीही दर चालीला फासा टाकावा. पट लांबट आणि अरुंद घ्या, चौरस मुळीच नको.

चावणीजवळचे स्मारक आणि अंबा नदीचे पात्र पाहायला तास पुरतो. पावसाळ्यात हा घाट उतरू नये, आणि एरवीही काठीशिवाय नको.

खाली पोचल्यावर खोपोलीपर्यंतच्या रिक्षाचे ९०० रुपये सांगितले गेले, ते घासाघीस करून ७०० वर आले, आणि पाय थरथरत असताना याहून अधिक भांडणे मला जमले नाही. परतीचे वाहन घाटात शिरण्यापूर्वीच, भाडे ठरवून, सांगून ठेवावे.