वेगळी चूल

घर फुटले की आपण ‘त्यांनी वेगळी चूल मांडली’ एवढेच म्हणतो. दागिने कुणाला गेले, ओसरी कुणाच्या वाट्याला आली, हा तपशील मागाहून चघळायचा. चूल निराळी झाली की वाटणी पुरी झाली. गॅसच्या शेगड्या आल्यावर हा वाक्प्रचार बोलण्यापुरताच उरला, असे मी धरून चाललो होतो. मग अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या लॉकहार्ट गावच्या बार्बेक्यूची हकिकत वाचनात आली.

ऑस्टिन शहराच्या दक्षिणेच्या या गावात १९०० साली चार्ल्स क्रॉइत्स यांनी मांसाचे आणि किराण्याचे दुकान काढले. (आडनाव जर्मन, गावकरी मात्र त्याचा उच्चार ‘क्राइट्स’ असा करतात.) मांस टिकवण्याची सोय बेताचीच असल्यामुळे त्या भागातले जर्मन आणि चेक खाटीक न खपलेले मांस ओकच्या लाकडाच्या धुरावर भाजून ठेवीत, बारीक तुकड्यांची सॉसेज भरीत, आणि कापूस वेचायला आलेले मजूर ते खाटकाच्या कागदावर घेऊन क्रॅकर बिस्किटांबरोबर तिथेच खात. खाणावळ काढायचा कुणाचा बेत नव्हता, म्हणून ताटल्या नव्हत्या आणि काटेही नव्हते. सॉस तर नव्हताच. चांगल्या भाजलेल्या मांसाला वरून आणखी काही लागू नये, हा त्यामागचा ताठा मला मनापासून आवडतो. सुऱ्या होत्या, पण त्या साखळीने बांधलेल्या, आपल्या पाणपोईवरच्या पेल्यासारख्या.

हे दुकान १९४८ मध्ये तिथेच काम करणाऱ्या एडगर श्मिट यांनी विकत घेतले. लोक त्यांना ‘स्मिटी’ म्हणत. १९८४ मध्ये धंदा रिक आणि डॉन या मुलांकडे आला. १९९० मध्ये वडील वारले, तेव्हा इमारत मात्र त्यांनी मुलगी नीना हिच्या नावे ठेवली होती. धंदा भावांचा आणि वास्तू बहिणीची, अशी वाटणी करणाऱ्या बापाच्या मनात काय होते कोण जाणे. भाडेकराराची बोलणी फिसकटली आणि रिकने त्याच गावात, थोड्याच अंतरावर, एक अवाढव्य नवी इमारत बांधली. १९९९ साली दुकान हलले, तेव्हा जुन्या भट्टीतले धगधगते निखारे पत्र्याच्या टबात भरून भर रस्त्यावरून ओढत नव्या भट्टीपर्यंत नेण्यात आले. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने लॉकहार्टला राज्याची ‘बार्बेक्यू राजधानी’ ठरवले तेही त्याच वर्षी; घरातली चूल मोडण्याला आणि गावाच्या गौरवाला एकच मुहूर्त लाभला.

आमची आजी रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवी आणि सकाळी शेजारीण गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला येई. दिल्याने विस्तव कमी होत नसे, याचे मला लहानपणी मोठे नवल वाटायचे. लॉकहार्टलाही तो कमी झाला नाही. नीनाने त्याच जुन्या इमारतीत, त्याच भट्टीवर, ‘स्मिटीज मार्केट’ सुरू केले. दुकानाचे नाव भावाकडे गेले आणि बापाचे नाव बहिणीकडे राहिले. तिथे विटांच्या भट्टीच्या तोंडाशी जाळ थेट जमिनीवरच पेटलेला असतो, भिंती काजळीने काळ्या झालेल्या असतात आणि मांस घ्यायला आलेल्यांची रांग त्या जाळाला जवळजवळ खेटूनच पुढे सरकते.