डी. एन. रोडवर पाटी कमानीत बसवताना

फोर्टमधल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर माझ्या वडिलांनी पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्याने कायम वापरायला घेतलेल्या, गाळ्यात स्टेशनरी आणि रबरी शिक्क्यांचे दुकान सुरू केले, आणि आज ते मी चालवतो. हा रस्ता पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडल्यावर तो रुंद झाला, त्याच्या दुतर्फा दगडी इमारती उभ्या राहिल्या आणि तळमजल्यावर, ऊनपावसात माणसाला निवांत चालता यावे म्हणून, कमानींची सलग वाट ठेवली गेली. मी दुकानात बसू लागलो तेव्हा मात्र त्या कमानी रस्त्यावरून दिसतच नसत. प्रत्येक दुकानाने शेजाऱ्यापेक्षा हातभर मोठा बोर्ड लावण्याचा सपाटा लावला होता आणि पत्रा, प्लास्टिक व ट्यूबलाइटच्या त्या भिंतीआड शंभर वर्षांचे कोरीवकाम झाकले गेले होते.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली आली आणि हा संपूर्ण रस्ताच वारसा म्हणून गणला गेला. त्यानंतर वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी रस्त्याचा बारकाईने अभ्यास करून दुकानांच्या पाट्यांसाठी मार्गदर्शक सूत्रे आखली. त्यांचा गाभा साधा होता: पाटी कमानीच्या आत बसवावी आणि इमारतीचा कोणताही भाग झाकू नये. दुकानदारांच्या बैठका सुरू झाल्या, तेव्हा माझ्या वडिलांनी सर्वांसमोर विचारले, “समोरच्या फुटपाथवरून आमचे नाव दिसले नाही, तर गिऱ्हाईक यायचे कसे?” प्रश्न रास्त होता. पाटी लहान करण्याची तयारी बहुतेकांची होती, पण पहिले पाऊल कोणी टाकायचे यावर घोडे अडले होते, कारण एकट्याने बोर्ड उतरवला तर तो एकटाच बुडणार होता. म्हणून आमच्या ओळीतल्या दुकानदारांनी एकाच आठवड्यात सगळे बोर्ड उतरवायचे ठरवले, आणि माझ्या मते तो निर्णयच या कामात निर्णायक ठरला.

आमचा बोर्ड उतरला तेव्हा त्यामागे लोखंडी अँगल थेट दगडात ठोकलेले आढळले. वर्षानुवर्षांच्या पावसाने त्यांचा गंज पिवळसर मालाड दगडावर ओघळला होता, कमानीच्या माथ्यावरच्या कोरलेल्या पानांवर डिस्टेंपरचे थर चढले होते आणि एका कोपऱ्यात कोणीतरी सिमेंटचा गिलावा थापला होता. गवंड्याने आधी सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने सोडवले, भोके चुन्यात दगडाची भुकटी कालवून भरली आणि रंग काढायला पाणी व मऊ ब्रश एवढेच वापरले. सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि मग आतला दगडच भुगा होऊन सुटू लागतो, हे त्याने वडिलांना नीट समजावून सांगितले. दुपारपर्यंत पानांच्या शिरा स्पष्ट दिसू लागल्या. एरवी कामगारांना घाई करणारे बाबा त्या दिवशी दुकान सोडून फुटपाथवरच उभे होते.

या रस्त्याच्या कामाला २००४ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. आम्हाला त्याचा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. तरीही धंद्याचे चित्र वेगळेच होते. एकेक बँक, एकेक कंपनी वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघून गेली, वरच्या मजल्यांवरची कार्यालये रिकामी झाली, आणि ज्यांची रजिस्टरे, लेटरहेड आणि शिक्के यांवर आमच्यासारख्यांची दुकाने चालत, ते गिऱ्हाईकच राहिले नाही. इमारतीचा दर्शनी भाग उजळला म्हणजे बाजारपेठ जिवंत झाली असे होत नाही; तिथे कामाला येणारी, राहणारी आणि चालणारी माणसे लागतात.

दुसरी कसोटी २०२३ मध्ये आली. दुकानांवरील पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असाव्यात, या राज्याच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी पाटी मला मनापासून हवीच होती, पण कमानीची रुंदी काही वाढणार नव्हती. मी पुठ्ठ्याचा साचा कापून कमानीत धरून पाहिला, तेव्हा दोन्ही लिपींतली पूर्ण नावे मावत नव्हती. अखेरीस देवनागरी नाव मुख्य ओळीत ठेवून इंग्रजी ओळ आखूड केली, मागून उजळणाऱ्या फ्लेक्सऐवजी पितळी अक्षरे घेतली आणि ती दगडात न ठोकता कमानीच्या आतल्या लाकडी पट्टीवर बसवली. परवानगीसाठी प्रमाणबद्ध आराखडा, जुने-नवे फोटो आणि इमारतीच्या मालकाचे ना-हरकत पत्र अशी फाइल मी तयार केली होती. त्यातले मालकाचे पत्रच सर्वांत उशिरा हाती आले. जुन्या पागडीच्या इमारतींत मालकाला दुरुस्तीतून काही मिळत नाही आणि भाडेकरूकडे अधिकार नसतो, त्यामुळे एका सहीसाठी सगळे काम खोळंबते. असे काम हाती घेणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला माझे कळकळीचे सांगणे आहे की कारागीर ठरवण्याआधी ते पत्र मिळवावे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व हुतात्मा चौक अशी दोन स्थानके आमच्या रस्त्याला मिळाली. अनेक वर्षे पत्र्याच्या कुंपणांमुळे आक्रसलेली चालण्याची जागा मोकळी होऊ लागली आहे. मेट्रोतून उतरलेली तरुण मुले शाईची पेने पाहायला दुकानात डोकावतात, आणि त्यांच्यासाठी मी एक काउंटर वेगळा केला आहे. कमानींखालच्या फेरीवाल्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यांना हुसकावून तो सुटेल असे मला वाटत नाही. जागा आखून दिली तर वाटही मोकळी राहील आणि त्यांचे पोटही चालेल. तशी मागणी आम्ही ओळीतल्या दुकानदारांनी लेखी तयार केली असून, फेरीवाल्यांच्या सह्याही त्याच अर्जावर घेत आहोत.