सर्व्हर चालूच होता

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. ‘सगळं क्लाउडवर आहे ना, मग साइट बंद कशी पडते?’ अहो, बंद काय पडलंय ते तरी आधी विचारा. मशीन, तिच्यापर्यंत जाणारा रस्ता, की तिचं नाव? बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात: पान उघडत नाही.

एका संस्थेत ऑनलाइन अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी फोन सुरू झाले. साइटच्या जागी भलत्याच जाहिराती दिसतायत. मी आयपी पत्ता, म्हणजे मशीनचा आकड्यांतला पत्ता, टाकून थेट सर्व्हरवर गेलो. डेटाबेस चालू, डिस्कवर भरपूर जागा, प्रोसेसरवर भार जवळजवळ नाहीच. ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे साइटवर कोण आलं-गेलं त्या नोंदवहीत, एरवी ओळी भराभर सरकतात. तिथे अधूनमधून एखादा बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्राम, येऊन जात होता. डोमेनची, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत संपली होती. डोमेन संस्थेने स्वतःच्या ताब्यात ठेवलेलं, आणि नूतनीकरणाच्या सूचना जात होत्या नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या मेलवर. रजिस्ट्रारने, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीने, नेमसर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलून नाव आपल्या जाहिरातींच्या पानाकडे वळवलं होतं.

पैसे भरून मोकळं व्हावं, तर खात्याचा पासवर्ड कोणाकडेच नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की लिंक जाणार त्याच डोमेनवरच्या मेलबॉक्सला, आणि डोमेनच नाही तर मेल पोचणार कुठे? मुदत वाढवतोय असं अर्जदारांना कळवायचं, तर संस्थेचा मेलही त्याच नावावर. कागदपत्रं पाठवून, सपोर्टशी पुन्हा पुन्हा बोलून खातं हाती येईपर्यंत रात्र सरली. नूतनीकरण झालं आणि खरा छळ त्यानंतर सुरू झाला. कोणाला साइट दिसते, कोणाला अजून जाहिरातीच. डॉट कॉमच्या वरच्या झोनमध्ये नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे ४८ तास. ज्या रिझॉल्व्हरने, म्हणजे वापरणाऱ्यासाठी नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरने, मधल्या काळातलं जाहिरातींचं उत्तर साठवून ठेवलं, तो तोवर तेच सांगत राहू शकतो. त्यावर माझा काहीही ताबा नसतो.

संचालक म्हणाले, ‘मग आम्ही क्लाउडचे पैसे कशाचे भरतो?’ मी म्हटलं, ‘सर, सर्व्हर एक सेकंदही बंद नव्हता.’ ते खरंच होतं. पण ज्या मुलांचे अर्ज राहिले त्यांना त्याचा काय उपयोग? ‘सर्व्हर बंद नव्हता’ हे वाक्य मी आजही बोलतो, आणि बोलताना आजही बरं वाटत नाही.

मोठ्यांचंही असंच होतं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गायब होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने डेटा सेंटरना जोडणारं त्यांचं नेटवर्क तुटलं, आणि नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी आपल्यापर्यंतचा मार्ग जगाला सांगणंच थांबवलं. मशीन जागच्या जागी होत्या. दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच डीएनएसवर चालणारी, त्यामुळे तीही हाताशी नव्हती. वाचताना मला तो पासवर्डचा मेल आठवला.

मशीन कधी जातच नाहीत, असं मी म्हणत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत भस्मसात झालं. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांच्यापैकी काहींच्या हाती काहीच उरलं नाही. क्लाउड घेतला की दूरच्या जागी प्रत आपोआप राहते, असं बहुतेकांना वाटतं. सहसा ती वेगळी मागावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे लागतात. कोटेशनमधली ही ओळ सगळ्यात आधी खोडली जाते, हे मी पाहत आलोय.

पूर्वी मी ठासून सांगायचो: आपल्या नोंदींचा टीटीएल पाच मिनिटांचा ठेवा, बिघाड झाला की झटपट पत्ता बदलता येतो. आता तेवढ्या ठामपणे सांगवत नाही. डीएनएस पुरवणाराच कोलमडला, तर त्याच पाच मिनिटांत साठवलेली उत्तरंही संपतात आणि चालू सर्व्हर सापडेनासा होतो. मग दोन पुरवठादार घ्या म्हणावं, तर दोन्हीकडच्या नोंदी जुळत्या ठेवायचं काम वाढतं आणि नेमकी तिथेच गफलत होते. सध्या मी एक तास ठेवतो. कोणी पाच मिनिटांच्या बाजूने वाद घातला, तर तो चुकतोय असं मला म्हणता येणार नाही.