चार दिवस, चार ओळी

जर्मनीतल्या आखेनला येऊन तीन वर्षं झाली, तरी आई फोनवर ‘कॉलेज कसं चाललंय?’ असंच विचारते आणि मी ‘ऑफिसात फार काम आहे’ म्हणते. मला विद्यापीठ खरंच ऑफिस वाटतं. पुण्यात मेकॅनिकल केलं, मग दोन वर्षं चाकणच्या कारखान्यात होते. इथे पीएचडी करतानाही मी पूर्णवेळ पगारी कर्मचारी. आमच्याकडे प्रोफेसरांना ‘शेफ’ म्हणतात, म्हणजे साहेब. बोलणंही सगळं प्रोजेक्ट, डेडलाइन आणि कंपनीला द्यायच्या रिपोर्टचं.

माझी शेजारीण याच विद्यापीठात इतिहासात पीएचडी करते. नोकरी अर्धी, पगार अर्धा, काम मात्र पूर्ण. ती गाइडबाईंना ‘डॉक्टरमुटर’ म्हणते, डॉक्टरेटची आई! एकदा मी तिला सहज विचारलं, ‘दिवसाला किती कागद होतात तुझे?’ ती गप्प झाली. मला वाटलं, हिशेब करतेय. तिला ते लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

इथे २००७ च्या कायद्याने पीएचडीआधीच्या अशा कराराच्या नोकरीला साधारण सहा वर्षांची मर्यादा आहे. मला सहा वर्षं भरपूर वाटायची. आमच्यातले बरेच जण पदवी घेतली की कंपनीत जातात. तिला मागे कंपनी नाही. तिच्या विषयाचं घर विद्यापीठच.

प्रशियातल्या, म्हणजे आखेन तेव्हा ज्यात होतं त्या जर्मन राज्यातल्या, आमच्यासारख्या तंत्रशाळांना डॉक्टरेट द्यायचा हक्क १८९९ मध्ये मिळाला, तोही जुन्या विद्यापीठांचा विरोध असताना. तेव्हा ते आम्हाला कारागीर समजत. आता मी तिला रिकामटेकडी समजत होते.

एका संध्याकाळी ती आमच्या लॅबमध्ये आली. बोटाएवढा स्टीलचा नमुना मशीनमध्ये सेकंदाला तीस वेळा ताणला जात होता. एक कोटी वेळा ताणूनही तुटला नाही तर टेस्ट थांबवायची. त्याला जवळपास चार दिवस लागतात.

‘न तुटलेल्यांचं काय करता?’

‘नोंद ठेवतो. ग्राफवर त्या बिंदूला बाण काढतो.’

‘आणि चार दिवस तू काय करतेस?’

‘वाट बघते,’ म्हणाले, आणि मलाच कसंतरी झालं. माझ्या वाट बघण्याला मी काम म्हणत होते. कारखान्यात मशीन चालू असलं की काम चालू, हेच माझ्या अंगात मुरलेलं. तिच्याकडे आवाज करणारं मशीन नव्हतं, एवढंच.

मागच्या बुधवारी तिच्याबरोबर अभिलेखागारात गेले. पेन बाहेर लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल. समोर जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरातलं पत्र. आजोबांच्या ट्रंकेतल्या मोडी कागदांची आठवण झाली. तेही आमच्या घरात कुणाला वाचता येत नाहीत. दुपारपर्यंत माझ्या चार ओळी वाचून उतरवून झाल्या. तिने त्या पत्राशी ताडून पाहिल्या, एक शब्द सुधारला आणि म्हणाली, ‘पहिल्या दिवशी माझ्या दोनच झाल्या होत्या.’