ईसीईच्या पीएचडीला क्रेडिट किती लागतात हा प्रश्न सोडा

डिसेंबर आला की पुण्यामुंबईकडच्या ज्युनिअर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, "दादा, अमेरिकेत ईसीईच्या (म्हणजे इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या) पीएचडीला टोटल क्रेडिट किती?" प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो.

मी इलिनॉयला, अर्बाना-शँपेनला आहे, तर इथलंच सांगतो. बीई करून थेट आलात तर 96 तास, आधीची मास्टर्स मान्य झाली तर 64 (इथे क्रेडिटला तासच म्हणतात), त्यातले 32 थिसिस रिसर्चचे, म्हणजे लेक्चर नाही की परीक्षा नाही, लॅबमध्ये जे करताय तेच रजिस्टर करायचं. राहिलेले कोर्स सुरुवातीच्या वर्षांत उरकतात. रँडम प्रोसेसेस नावाचा कोर्स घाम काढतो, पण निभतं. क्रेडिटपायी कोणाची पीएचडी अडलेली मी तरी बघितली नाही.

लोक अडकतात ते क्वालिफायरला, प्रिलिमला, आणि खरं तर त्याच्याही पुढे. क्वालिफायर म्हणजे पीएचडीत पुढे जायला लायक आहात का हे बघणारी सुरुवातीची परीक्षा, ती प्रत्येक युनिव्हर्सिटीत वेगळी. एमआयटीत चार कोर्सच्या ग्रेडवर टेक्निकल भाग सुटतो आणि मग स्वतःच्या रिसर्चवर तोंडी परीक्षा, स्टॅनफर्डला पूर्वी दहा प्रोफेसरांकडे दहा-दहा मिनिटं हजेरी लावायला लागायची. आपल्याकडे गेल्या पाच वर्षांचे पेपर सोडवून जायची जी सवय आहे ना, ती तोंडी परीक्षेत उपयोगाची नाही. साधा प्रश्न बघा, दोन सारखे कपॅसिटर, एक चार्ज केलेला, एक रिकामा, जोडले, अर्धी एनर्जी कुठे गेली? तुम्ही म्हणणार वायरच्या रेझिस्टन्समध्ये. बरं, मग रेझिस्टन्स शून्य केला तर? इथून पुढे तुम्ही काय बोलता ते त्यांना बघायचं असतं, उत्तर त्यांना माहितीच आहे.

प्रिलिम म्हणजे कमीत कमी चार जणांच्या कमिटीपुढे सांगायचं की मी अमुक करणार आहे, ते आधी कोणी का केलं नाही, आणि माझ्याच्यानं का होईल. त्यानंतर थिसिस, फायनल डिफेन्स, आणि मग डिपॉझिट, म्हणजे थिसिस युनिव्हर्सिटीत जमा करणं, तिथे तर मार्जिन आणि पानांचे नंबरसुद्धा तपासतात. याच युनिव्हर्सिटीत 1954 मध्ये निक होलोन्याक पीएचडी झाला, जॉन बार्डीनचा इथला पहिला विद्यार्थी, आणि 1962 मध्ये त्याने डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. गाईड कोण होता बघा, दोनदा फिजिक्सचं नोबेल मिळालेला माणूस! तेवढं नशीब सगळ्यांचं नसतं, पण गाईड बघून या हे मी घसा फोडून सांगतो ते उगाच नाही.

आता जे हँडबुकात नसतं ते. आमच्या सर्किटवाल्यांचं घड्याळ टेपआउटवर, म्हणजे चिपचं डिझाइन पक्कं करून बनवायला पाठवण्यावर चालतं. डिझाइन फॅबला (चिपच्या कारखान्यात) गेलं की चिप हातात यायला काही महिने जातात, तोवर चिप बसवायचा बोर्ड (पीसीबी) बनवा, टेस्टचा कोड लिहा आणि देवाला हात जोडा. चिप आली, पॉवर दिली आणि बायसच लागत नाही, म्हणजे सर्किट चालूच होत नाही म्हटल्यावर ते पूर्ण चक्र परत. आयएसएससीसी या चिप डिझाइनच्या मोठ्या कॉन्फरन्सचे पेपर सप्टेंबरात द्यायचे असतात, तोवर मोजमाप हातात नसेल तर सरळ पुढचं वर्ष. मशीन लर्निंगवाल्या रूममेटचा एक्स्पेरिमेंट रात्रीत परत रन होतो, मला त्याचा हेवा वाटतो आणि मी तो लपवतही नाही. त्यामुळे "किती वर्षं?" याचं उत्तर तुमचा एरिया कोणता यावर आहे. नियमाने बीईनंतर आलेल्याला सात वर्षांची मर्यादा आहे.

पैशांचं थोडक्यात सांगतो. आरए (रिसर्च असिस्टंट) किंवा टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून 50 टक्के नेमणूक असेल तर आठवड्याला 20 तास काम, ट्यूशन माफ आणि वर स्टायपेंड. एफ-वन या स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर त्याहून जास्त काम करता येत नाही. टीएसाठी बोलायचं इंग्रजी तपासतात, इलिनॉयचा कायदाच आहे तसा, तेव्हा टोफेलचा स्पीकिंगचा स्कोअर हलक्यात घेऊ नका.

आणि अ‍ॅडमिट आलं की प्रोफेसरला मेल टाकायच्या आधी त्याच्या ग्रुपमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या पोरांना गाठा. त्यांना दोनच गोष्टी विचारा, गेल्या काही वर्षांत इथून किती जण डिग्री घेऊन बाहेर पडले आणि किती जण मास्टर्सवर निघून गेले. मेलवर लिहायला टाळाटाळ करत असतील तर कॉल लावा, कॉलवर सगळे बोलतात.