सुंगटांच्या टरफलांची पट्टी

माझी सगळी नोकरी गोव्यात वेर्ण्याला, औषध कारखान्याच्या क्वालिटी ॲश्युरन्समध्ये गेली. निवृत्त झाल्यावर नव्या उद्योगांना हात देणाऱ्या एका इन्क्युबेशन सेंटरने मेंटर म्हणून बोलावलं. मानधन भाजीपाव आणि चहा.

सध्या माझ्या वाट्याला आलेली मुलं सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, टरफलांतून कायटोसान नावाचा पदार्थ काढून रक्त थांबवणारी पट्टी बनवताहेत. कायटोसानवर धनभार असतो, तांबड्या पेशींवर ऋणभार. पेशी त्याला चिकटतात आणि रक्ताची गुठळी धरते. कल्पना नवी नाही, अशा पट्ट्या बाजारात आहेत. पण आपल्याकडे टरफलं कचऱ्यात जातात, म्हणून मुलं हुरळलेली.

मी विचारलं, "1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी, ट्रॉलर बंद. तेव्हा माल कुठून आणणार?"

"फ्रीजरमध्ये साठवू, सर."

साठवा. पण सुंगटांची जात बदलली, हंगाम बदलला की कायटोसानचे गुणधर्मही बदलतात. प्रयोगशाळेत एक पट्टी छान जमते. कारखान्यात प्रत्येक बॅच तशीच निघावी लागते. निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरावेत, तर त्यांनी कायटोसानच्या साखळ्या तुटतात. मग टिकाऊपणाची चाचणी: 40 अंश तापमान, 75 टक्के आर्द्रता, सहा महिने. आपल्या पावसाळ्यातलं कपाटच म्हणा.

"सहा महिने? सर, आमची सेमिस्टरसुद्धा एवढी नसते!"

स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2006 मध्ये 'स्पार्क' हा उपक्रम सुरू केला, तो याचसाठी. उद्योगातली माणसं तिथे फुकट येऊन संशोधकांना असे नकोसे प्रश्न सुरुवातीलाच विचारतात. माझ्या मते पैशापेक्षा हे मोलाचं. पैसा आपल्याकडेही आहे. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची 'बिग' ग्रँट 50 लाखांपर्यंत मिळते, मुदत 18 महिने. पण तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत हृदयाच्या कृत्रिम झडपेची आधीची मॉडेलं एकामागून एक बाद झाली. चौथं टिकलं आणि डिसेंबर 1990 मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलं. अशा कामाला 18 महिने म्हणजे नुसती तोंडओळख.

पेटंटचंही तेच. गटातल्या एकीला परिषदेत पोस्टर लावायची घाई. म्हटलं, बाय, आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक, पूर्ण तपशील द्यायला कायदा बारा महिने देतो. पोस्टर आधी लागलं तर तुझ्याच शोधाचं नावीन्य तूच घालवशील. गाइडना मात्र पेपर आधी हवा, कारण त्यांची बढती पेपरवर. इथे माझी मात्रा चालत नाही.

ग्रँटच्या अर्जात मुलांनी बजेटचा मोठा वाटा यंत्रांवर लावला होता. मी तो खोडून चाचण्यांवर टाकला, त्यावरून अजून धुसफूस चालू आहे. आता त्यांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कॅज्युअल्टीतल्या नर्सना भेटायला पाठवतोय. रक्ताने निसरडे झालेले हातमोजे घालून पट्टीचं पाकीट फाडता येतं का, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.