टक्केवारी तीच, प्रतीक्षा निम्मी

कर्जाच्या अर्जांची छाननी करायला आणखी एक माणूस हवा की नको, हा विषय फोर्टमधल्या आमच्या कार्यालयात निघाला की चर्चा हटकून एकाच आकड्यावर येऊन थांबते : सध्याची माणसे किती टक्के वेळ कामात असतात? उत्तर ८३ टक्के आले, तर १७ टक्के वेळ मोकळाच आहे असे म्हणून प्रस्ताव बाजूला पडतो. प्रक्रियेचे सिम्युलेशन, म्हणजे कामाची संगणकावर नक्कल चालवून पाहणे, करायचे ते मुख्यतः हा युक्तिवाद तपासण्यासाठी, असे माझे मत आहे.

समजा, एका टेबलावर तासाला सरासरी ५ अर्ज येतात आणि एका अर्जाला सरासरी १० मिनिटे लागतात. अर्जांचे येणे आणि छाननीचा वेळ दोन्ही अनियमित असतील, तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले ए. के. अर्लांग यांनी १९०९ पासून ज्याचा पाया घातला त्या रांगशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रानुसार प्रत्येक अर्ज सरासरी ५० मिनिटे नुसता पडून राहतो. अर्ज तासाला ५.७ झाले, म्हणजे जेमतेम १४ टक्क्यांनी वाढले, की माणूस ९५ टक्के व्यग्र दिसतो आणि प्रतीक्षा १९० मिनिटांवर जाते.

आता अशी दोन टेबले आहेत आणि प्रत्येकाची रांग वेगळी आहे, असे धरू. त्यांची रांग एक केली आणि जो मोकळा होईल त्याने पुढचा अर्ज घ्यायचा असे ठरवले, तर तेवढ्याच माणसांत प्रतीक्षा ५० वरून सुमारे २३ मिनिटांवर येते. व्यग्रतेची टक्केवारी मात्र दोन्ही रचनांत ८३ च राहते. म्हणजे ज्या आकड्यावर आपण निर्णय घेत होतो, त्याला हा बदल दिसतच नाही.

एवढे सूत्राने कळत असेल तर सिम्युलेशन कशाला? कारण सूत्र न संपणारा दिवस गृहीत धरते; आमचा विभाग संध्याकाळी बंद होतो, जेवणाच्या सुट्टीत अर्धा रिकामा असतो आणि कागदपत्रे अपुरी असलेले अर्ज पुन्हा त्याच टेबलावर येतात. बीपीएमएनच्या, म्हणजे कामाचे टप्पे ठरावीक चिन्हांनी दाखवण्याच्या पद्धतीच्या, आकृतीत हे परतीचे बाण सहज काढता येतात, पण त्यांवर संभाव्यता, वेळेचे वितरण (किती वेळ किती वेळा लागतो ते) आणि माणसांच्या हजेरीचे वेळापत्रक चढवल्याशिवाय ती आकृती चालवता येत नाही. हजेरीच्या बाबतीत मुंबईचे एक वेगळेपण मॉडेलमध्ये हमखास निसटते : जुलैत रुळांवर पाणी आले की कल्याणचे आणि विरारचे सहकारी एकाच दिवशी उशिरा येतात, आणि प्रत्येकाची गैरहजेरी स्वतंत्र मानणारे मॉडेल त्या दिवसाची रांग फारच कमी दाखवते.

रांग एक करण्यातही एक मेख आहे. एक टेबल पगारदारांचे अर्ज पाहते आणि दुसरे व्यापाऱ्यांचे ताळेबंद. दोघांनी दोन्ही करायचे तर सुरुवातीला हात थोडा मंदावणारच. सरासरी वेळ १० ऐवजी १०.५ मिनिटे झाला, तर प्रतीक्षा ३४ मिनिटे होते, आणि ११ झाला तर ५८, म्हणजे रांगा वेगळ्या असतानापेक्षाही जास्त. म्हणून प्रस्तावात २३ हा एकच आकडा न देता तिन्ही वेळांचे निकाल शेजारीशेजारी मांडावेत, आणि प्रशिक्षणाचे पहिले काही आठवडे कमी अर्जांच्या महिन्यात धरावेत, असे मी सुचवतो.